खोटं आहे हे ठाऊक असतं, तरी डोळे का भरतात?

फेब्रुवारी 2025 मध्ये 'छावा' प्रदर्शित झाला आणि पुढचे काही आठवडे मोबाइलवर एकाच तऱ्हेचे व्हिडिओ फिरत राहिले. थिएटरातले दिवे लागलेत, पण लोक खुर्चीतून उठत नाहीत. कुणी पदर डोळ्यांना लावलाय, कुणी उभं राहून गारद देतंय, एखादं शाळकरी पोर हुंदके देत घोषणा करतंय. खाली प्रतिक्रियांमध्ये हमखास एखादा नमुना असायचाच. 'अरे, शेवट तर सगळ्यांना माहीत होता. रडायचं काय त्यात?'

प्रश्न चेष्टेतला असला, तरी तो सोपा नाही. संभाजी महाराजांना 1689 साली संगमेश्वरला पकडलं आणि पुढे हाल हाल करून मारलं, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलं. ते वाचताना वर्गात कुणी रडल्याचं ऐकिवात नाही. सनावळी पाठ केली, पेपरात लिहिली, विसरलो. तीच घटना पडद्यावर एका नटानं करून दाखवली, आणि तोही असा नट की ज्याचं लग्न कुणाशी झालंय हेसुद्धा आपल्याला माहीत आहे, की घसा दाटून येतो. पुस्तकातलं खरं कोरडं राहतं आणि पडद्यावरचा अभिनय रडवतो. हे उलटं नाही का?

लोकप्रिय कादंबऱ्या आणि सिनेमे बहुतेक वेळा तीनच गोष्टींवर चालतात: श्रद्धा, धैर्य आणि प्रेम. या तिन्ही गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात कशा, हे समजून घ्यायला मी इथे तीन कलाकृती घेतोय. 1936 चा प्रभातचा 'संत तुकाराम', साने गुरुजींची 'श्यामची आई' (पुस्तक 1935 चं, आचार्य अत्र्यांचा सिनेमा 1953 चा) आणि शिवाजी सावंतांच्या 1979 च्या कादंबरीवरून निघालेला हा हिंदी 'छावा'. तिन्हींनी आपापल्या काळात महाराष्ट्राला रडवलं आहे.

एकत्र न नांदणारी तीन वाक्यं

कॉलिन रॅडफर्ड नावाच्या तत्त्वज्ञानं 1975 मध्ये एक निबंध लिहिला. अ‍ॅना कॅरेनिना ही कादंबरीतली बाई, ती कधी जन्मलीच नाही. मग तिच्या मरणाचं आपल्याला वाईट का वाटतं, असा त्याचा सवाल होता. त्यातला पेच तीन वाक्यांत मांडता येतो. एक, कथेतल्या माणसांचं आपल्याला खरोखर वाईट वाटतं. दोन, एखाद्याचं वाईट वाटायला तो माणूस खरा आहे, त्याचं दुःख खरं आहे, असं आपण मानावं लागतं. तीन, कथेतली माणसं खरी नाहीत हे आपल्याला पक्कं माहीत असतं.

तिन्ही वाक्यं सुटी सुटी पटतात. तिन्ही एकदम खरी मात्र असू शकत नाहीत. रॅडफर्डनं निकाल दिला की माणूस या बाबतीत सरळ विसंगत वागतो, बस्स. केंडल वॉल्टन या दुसऱ्या विचारवंतानं तीनच वर्षांनी वेगळी बाजू घेतली. त्याच्या मते मुलं भातुकली खेळतात तसे आपण कथेशी खेळत असतो आणि भीतीही त्या खेळातलीच असते. म्हणून तर पडद्यावर राक्षस आला तरी कुणी दाराकडे धूम ठोकत नाही.

इथे कुणी म्हणेल, संभाजी महाराज तर खरे होते, त्यांच्याबाबतीत हा पेच कुठे येतो? येतो. महाराज खरे होते, पण पडद्यावर दिसणारी जखम रंगभूषेची आहे, संवाद लेखकानं लिहिलेले आहेत, आणि समोरचा औरंगजेब सीन संपल्यावर दाढी उतरवून चहा पिणार आहे. हे सगळं माहीत असूनही डोळे भरतात. नुसती खरी माहिती रडवत असती, तर शाळेच्या पुस्तकानंच रडवलं असतं.

भरतमुनींची आमटी

या प्रश्नावर आपल्याकडे फार आधीपासून डोकेफोड झालेली आहे. भरतमुनींचं नाट्यशास्त्र हा त्यातला मूळ ग्रंथ, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात रसाचा सिद्धान्त आहे. नाव ऐकून मराठीच्या पेपरातले 'रस ओळखा' आठवून पोटात गोळा येतो, पण कल्पना साधी आहे, आणि भरतानं ती समजावली आहे चक्क स्वयंपाकाच्या उदाहरणानं. आपण आमटी घेऊ. चिंच नुसती खा, तोंड आंबट होतं. मीठ नुसतं खाववत नाही, गूळ खाल्ला तर नुसता गोड. सगळं मोजून डाळीत पडलं आणि उकळलं की जी चव येते, ती त्यातल्या एकाही जिनसाची नसते. ती चव भांड्यातही नसते. ती जेवणाऱ्याच्या जिभेवर असते.

आता यातले जिन्नस. प्रत्येक माणसात काही भावना मुळातच असतात: प्रेम, शोक, भय, उत्साह, क्रोध वगैरे. भरतानं अशा आठ मोजल्या. यांना स्थायीभाव म्हणतात. त्या जाग्या करणारी माणसं आणि परिस्थिती म्हणजे विभाव. भावना शरीरावर उमटते ती खूण म्हणजे अनुभाव. आवाज कापणं, नजर खाली जाणं, हातातलं भांडं निसटणं, हे सगळे अनुभाव. यांच्यासोबत येणाऱ्या-जाणाऱ्या तेहतीस किरकोळ भावनाही भरतानं मोजल्या आहेत, त्या आपण सोडून देऊ. हे सगळं जमून आलं की प्रेक्षकाच्या मनात जी चव तयार होते, तो रस.

यातून एक गोष्ट लगेच सुटते. शोक आणि करुणरस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोक घरात घडतो आणि माणूस कोसळतो. करुणरस मात्र आपण तिकीट काढून घेतो आणि रडून बाहेर आल्यावर मावशीला फोन करून सांगतो, 'नक्की बघ गं, खूप छान आहे.'

आणि रॅडफर्डचं दुसरं वाक्यही इथेच गळून पडतं. रस तयार व्हायला 'हे खरं आहे' असं मानायची अट नाही. अट एवढीच की जिन्नस पुरते पडले पाहिजेत. शाळेच्या पुस्तकात विभाव असतो, म्हणजे कुणाला पकडलं, कधी, कुठे. अनुभाव जवळपास शून्य. पकडल्यावर त्या माणसानं शेजारच्या मित्राकडे कसं पाहिलं, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. सांगावं अशी अपेक्षाही नाही, ते त्याचं कामच नव्हे.

ते दुःख नेमकं कुणाचं?

पडद्यावरची आई मेली. तिचं दुःख त्या नटाला झालेलं नसतं, तो अभिनय करतोय. ज्या मूळ माणसावरून गोष्ट लिहिली, तो केव्हाच गेला. माझी आई तर घरी टीव्ही बघत बसली आहे. मग थिएटरात तरंगणारं हे दुःख आहे कुणाचं?

भट्टनायक या काश्मिरी पंडितानं उत्तर दिलं: कुणाचंच नाही, आणि म्हणून सगळ्यांचं. चांगल्या नाटकात भावनेवरचा मालकीचा शिक्का पुसला जातो. श्यामची आई ही श्यामची राहत नाही, माझीही होत नाही, ती 'आई' होते. याला साधारणीकरण म्हणतात. दहाव्या-अकराव्या शतकात अभिनवगुप्तानं हा विचार आणखी पुढे नेला.

मराठीत या चर्चेत एक फार सुरेख भर पडली ती 1921 साली. बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी' ही कल्पना मांडली. वाचक कथेतल्या माणसाशी एकरूप होतो, पण स्वतःला पूर्ण विसरत नाही. एकाच वेळी तो तिथेही असतो आणि इथेही. आनंद येतो तो या दुहेरीपणातून. पुरता विसरला तर तो स्टेजवर धावून जाईल, अजिबात विसरला नाही तर घड्याळ बघत बसेल. टिळकांच्या या सहकाऱ्याला लोक राजकारणासाठी आठवतात, मला मात्र ते या एका कल्पनेसाठी मोठे वाटतात.

देव न मानणाऱ्याला 'संत तुकाराम' का आवडतो?

आता श्रद्धेकडे. ही तिघांतली सगळ्यात अवघड. धैर्य डोळ्यांना दिसतं, प्रेम ओळखू येतं. श्रद्धा आतली. ती दाखवायला गेलं की सिनेमावाले दोन सोपे मार्ग धरतात: एक तर चमत्कार, नाही तर डोळे मिटून हात जोडलेला चेहरा आणि मागे घंटा. दोन्हींनी श्रद्धाळू माणूस नमस्कार करतो आणि बाकीचे जांभई देतात.

दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' मात्र पक्क्या नास्तिकालाही धरून ठेवतो. 1937 च्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तिथल्या लोकांना विठोबा माहीत असण्याचं कारण नव्हतं. मुंबईत तो वर्षभराहून जास्त चालला. त्यात चमत्कार नाहीत असंही नाही, चांगले ढीगभर आहेत. इंद्रायणीत बुडवलेली गाथा वर येते, शेवटी विमान येतं. तरीही तो टिकला तो विमानामुळे नव्हे. तो टिकला जिजाईमुळे.

जिजाई म्हणजे तुकोबांची बायको, वारकऱ्यांच्या बोलण्यातली आवली. गौरी नावाच्या अभिनेत्रीनं ती केली आहे. घरात दाणा नाही, पोरं भुकेली, आणि नवरा भजनात. ती चिडते, बडबडते, विठोबाला 'काळ्या' म्हणून शिव्या घालते. पोर आजारी पडतं तेव्हा तर ती पायातली वहाण हातात घेऊन थेट देवळात विठोबासमोर उभी राहते. आणि हीच बाई नवऱ्यासाठी जेवण घेऊन डोंगर चढून जाते.

विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा शांत आहेत. पागनीस संगीत नाटकात स्त्रीभूमिका करून आलेले, त्यामुळे आवाजात, हालचालीत एक मऊपणा आहे. पण तो शांतपणा एकटाच पडद्यावर असता, तर दहा मिनिटांत सपक झाला असता. जिजाईचा प्रत्येक सवाल आपल्या मनातला असतो. देव आहे तर पोरं उपाशी का? नवऱ्याच्या भक्तीची किंमत बायकोनं का मोजायची? शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबा परत पाठवतात, तेव्हा भक्त प्रेक्षक धन्य धन्य म्हणतो आणि आपल्यासारखा हिशेबी माणूस मनात म्हणतो, निदान पोरांपुरतं तरी ठेवायचं. सिनेमा हा सवाल दडपत नाही. जिजाईला खलनायिका करत नाही, ती कामं सालोमालोकडे दिली आहेत. तिला शेवटपर्यंत तिच्या जागी बरोबर राहू देतो.

माझं म्हणणं या लेखात एवढंच आहे, म्हणून ते इथेच सांगून टाकतो. कथेतली श्रद्धा पटण्यासाठी प्रेक्षक श्रद्धाळू असावा लागत नाही. पडद्यावर एक न पटलेला माणूस असावा लागतो, आणि त्या माणसावर लेखकाचं प्रेम असावं लागतं. आमटीत चिंच पडल्याशिवाय गूळ कळत नाही. ज्या भक्तिपटात शंका घेणारा प्रत्येक जण दुष्ट किंवा मूर्ख असतो, तो आधीच पटलेल्यांच्या पलीकडे जात नाही. आपल्याकडच्या बहुसंख्य भक्तिमालिकांचं घोडं इथेच पेंड खातं.

जाता जाता, भक्तीला रस म्हणायचं की नाही यावर जुने पंडित बरेच भांडले आहेत. भरताच्या आठांत ती नाही. पुढे शांत हा नववा रस मानला गेला, आणि सोळाव्या शतकात रूप गोस्वामींनी भक्ती हाच मुख्य रस असं ठासून मांडलं. वारीत चार पावलं चाललेल्या माणसाला हा वाद जरा गमतीचा वाटेल.

धैर्य म्हणजे आरडाओरडा नव्हे

रसशास्त्रातली एक बारीक गोष्ट मला आजच्या सिनेमांसाठी फार उपयोगाची वाटते. वीररसाचा स्थायीभाव क्रोध नाही, उत्साह आहे. क्रोध हा रौद्राचा. भरतानं वीराच्या खुणा सांगितल्या त्यात स्थैर्य, धैर्य, शौर्य, त्याग आहेत. त्यानं दानवीर आणि धर्मवीरही मोजले, फक्त युद्धवीर नव्हे. म्हणजे तलवार न उचलताही वीररस होतो.

या दृष्टीनं 'श्यामची आई'मधला पोहण्याचा प्रसंग बघा. श्याम पाण्याला घाबरतो, लपून बसतो. आई शिपटी घेऊन त्याला बाहेर काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते. आपल्या लेकाला कुणी भित्रा म्हणावं हे तिला सोसत नाही. आजच्या पालकांना हे वाचून कसंसंच होतं, आणि व्हावंच. पण प्रसंगाची ताकद कुठे आहे ते पाहा. श्यामची भीती खरी आहे, गुरुजी तिची टिंगल करत नाहीत. आणि मारणाऱ्या आईच्या जिवाचं काय होत असेल, तेही वाचकाला दिसत राहतं. भीती पुरी दाखवल्याशिवाय धैर्याला चव नाही. ज्याला भीतीच नाही त्याचं धैर्य ते काय?

'छावा'मध्ये लढाया भरपूर आहेत आणि मला त्या थोड्या वेळानं एकसारख्या वाटू लागल्या. सिंहाचा जबडा, उड्या, गर्जना, सगळं झालं. प्रेक्षक खरा हलला तो शेवटच्या भागात, जिथे नायक जखडलेला आहे, हलूही शकत नाही. साखळदंडांत असलेले संभाजी महाराज आणि कवी कलश एकमेकांना कवितेत उत्तरं देतात. मरण समोर आहे आणि दोन मित्र यमक जुळवताहेत. तलवार उचलण्याची सोयच उरलेली नाही, म्हणून तिथे उरतो तो निव्वळ उत्साह, भरत म्हणतो तो. त्यानंतरचे छळाचे तपशील सिनेमानं इतके लांबवले आहेत की चव वीराकडून बीभत्साकडे आणि मग रौद्राकडे सरकते. बाहेर पडताना काही प्रेक्षक हललेले होते आणि काही नुसतेच संतापलेले. दोघांनी सिनेमा एकच पाहिला होता, पण शेवटची चव ज्याच्या जिभेवर जी राहिली ती तो घरी घेऊन गेला.

प्रेम बोलून दाखवलं की पातळ होतं

'आय लव्ह यू' हा अनुभाव नाही, ती नुसती माहिती आहे. म्हणून प्रेमाचे संवाद लगेच विसरतात आणि कृती राहते. जिजाईनं डोंगरावर नेलेलं जेवण राहतं.

'श्यामची आई'च्या शेवटाकडे आईचं मरण आहे. श्याम दूर असतो, पोचेपर्यंत ती गेलेली असते. घरात एक मांजर आहे, मथी, आईची लाडकी. आई गेल्यावर ती अन्नाला तोंड लावत नाही आणि तीही जाते. प्रेम या शब्दाचा पसारा गुरुजींनी पुस्तकभर मांडला आहे, कधी कधी जरा जास्तच. अश्रूंच्या बाबतीत ते हात आखडता घेत नाहीत. पण त्या मांजराशी पोचल्यावर सगळ्या तक्रारी बंद पडतात.

आणखी एक कारागिरी सहसा लक्षात येत नाही. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलेलं हे पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागलेलं आहे. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आठवण सांगतो. म्हणजे पुस्तकातच श्रोते बसलेले आहेत, आणि त्यांचे डोळे आपल्या आधी भरतात. केळकरांचा तो 'इथेही आणि तिथेही' असलेला वाचक गुरुजींनी थेट पुस्तकात आणून बसवला.

प्रेमाच्या बाबतीत 'छावा'ला एक वेगळीच अडचण आली. ट्रेलरमध्ये संभाजी महाराज येसूबाईंसोबत लेझीम खेळताना दिसले. त्यावर आक्षेप आले आणि प्रदर्शनाआधीच ते दृश्य काढून टाकलं गेलं. आदराची भावना समजते. पण साधं कथेच्या सोयीनं बोलायचं तर, ज्या राजाला पुढे सगळं गमवायचं आहे, त्यानं आधी काही क्षण मोकळेपणानं आनंदात घालवलेले दिसले असते, तर गमावण्याचं वजन वाढलंच असतं.

'मला तर रडू आलं नाही. मी दगड आहे का?'

नाही. अभिनवगुप्तानं रसाच्या आड येणारे सात अडथळे सांगितले आहेत, त्यांना त्यानं विघ्न म्हटलं. त्यातली तीन रोजची आहेत.

पहिलं, गोष्ट शक्यच वाटत नाही. नायक एका हातानं पंधरा जण उडवतो आणि मन म्हणतं, 'चल, काहीतरीच.' एकदा हे झालं की पुढचा करुण प्रसंगही वाया जातो. दुसरं, आपण स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेलो असतो. उद्या मुलाच्या ॲडमिशनची यादी लागणार असेल तर पडद्यावर कुणी का मरेना. आणि ज्याची आई गेल्या महिन्यात गेली, त्याला 'श्यामची आई' रस देणार नाही, जखम उघडेल. तो उठून बाहेर गेला तर त्याला सिनेमा कळला नाही असं म्हणू नये. तिसरं, दुय्यम गोष्टीनं मुख्य गोष्टीची जागा बळकावलेली असते. भव्य सेट, स्लो मोशन आणि शंभर घोडे बघताना कुणासाठी काय चाललंय हेच हरवतं.

त्यामुळे रडू येणं ही काही निष्ठेची परीक्षा नव्हे. थिएटरात कोण रडलं नाही याची नोंद घेणारे लोक रसिक कमी आणि हवालदार जास्त.

'हे सगळं पार्श्वसंगीताचं काम आहे'

बऱ्याच अंशी खरं आहे. व्हायोलिन वाजलं की घसा दाटतो, हा शिकवलेला प्रतिसाद आहे आणि संगीतकार त्याचा पुरेपूर वापर करतात. पण 'छावा'चंच उदाहरण घ्या. ए. आर. रहमानचं संगीत त्या काळाशी आणि मातीशी जुळत नाही अशी तक्रार कितीतरी मराठी प्रेक्षकांनी केली. रडले मात्र तेही. आणि पुस्तकाला तर पार्श्वसंगीतच नसतं. 'श्यामची आई' वाचून तीन पिढ्या रडल्या त्या दिवाणखान्यात, एस.टी.त आणि शाळेच्या शेवटच्या बाकावर.

संगीत भावनेला ढकलतं, हे कबूल. ढकलायला काही असावं लागतं. जिन्नस नसतील तर नुसत्या व्हायोलिननं डोळ्यांत पाणी येतं आणि पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत वाळतं.

'मग खऱ्याखोट्याला काही किंमतच नाही का?'

हा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे. रस तयार व्हायला गोष्ट खरी असण्याची गरज नाही, असं मी वर लिहिलं. याची दुसरी बाजू अशी की रस आला म्हणून गोष्ट खरी ठरत नाही.

'संत तुकाराम'मधलं 'आधी बीज एकले' हे पद घ्या. ते इतकं तुकोबांचं वाटतं की लोकांनी ते गाथेत शोधलं. सापडणार कुठून? ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं होतं. पद खोटं ठरत नाही, पण तुकोबांचं म्हणून कुणी त्याचा दाखला दिला तर ती चूक आहे.

'छावा'नंतर तर याहून पुढची मजल गेली. मार्च 2025 मध्ये मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणू लागले. मुघलांचं सोनं तिथे पुरलंय अशी वदंता होती, आणि सिनेमातल्या बुऱ्हाणपूरच्या लुटीच्या दृश्यानं तिला हवा दिली. केळकरांच्या भाषेत, 'इथे'चं भान गेलं आणि फक्त 'तिथे' उरलं.

खुद्द संभाजी महाराजांच्या बाबतीत हे किती महागात पडू शकतं ते पाहण्यासारखं आहे. आज ज्यांच्यासाठी थिएटरं रडली, तेच महाराज मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीत आणि तिच्या वळणावर गेलेल्या नाटकांत व्यसनी, बेजबाबदार म्हणून रंगवले गेले होते. ती बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेली. राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास'मध्येही तेच चित्र आहे. त्यावरून जानेवारी 2017 मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला. पूर्वीच्या प्रेक्षकांनी ती नाटकं पाहतानाही मनापासून उसासे टाकले असतील. रसाची सगळी यंत्रणा तेव्हाही चोख चालत होती. माहिती चुकीची होती.

ती दुरुस्त केली ती भावनेनं नव्हे. वा. सी. बेंद्र्यांनी वर्षानुवर्षं कागदपत्रं तपासून 1960 साली महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं, पुढे कमल गोखल्यांनी संशोधन केलं. सावंतांची कादंबरी त्यानंतरच्या काळातली, आणि सिनेमा तर कालचा. बेंद्र्यांचा ग्रंथ तळटीपांनी, पत्रांच्या तारखांनी आणि उताऱ्यांनी भरलेला आहे. तो वाचताना डोळे भरत नाहीत, फार तर दुखतात.